अन्यायाच्या काळीं ईश्वरी नियमाचा आधार



दुर्जनांनीं आपल्यास छळावें, खोटें रचून आपलें नांव काळें करावें आणि वर सुखानें नांदावें, हें पाहिलें म्हणजे भल्याभल्यांचीहि श्रद्धा डळमळते. ईश्वराचा नियम खरा असेल तर तो येथें स्वस्थ कां? हा प्रश्न फार जुना आहे. हिब्रू स्तोत्रसंहितेंतील ११९ व्या स्तोत्राच्या कवीनें तो मोठ्या चिकाटीनें हाताळला आहे. पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं राहून मूळ भाषांवरून बायबलचें जें मराठी भाषांतर केलें, त्यामुळें तें स्तोत्र आपल्या भाषेसहि परकें नाहीं.

या स्तोत्राची रचना ध्यानांत घेण्याजोगी आहे. हिब्रू वर्णमालेंत २२ अक्षरें. प्रत्येक अक्षरास ८ श्लोक. असे एकंदर १७६ श्लोक. एका गटांतील आठहि श्लोक एकाच अक्षरानें आरंभ होतात. बायबलांतील हा सर्वांत दीर्घ अध्याय होय. ईश्वरी नियमासाठीं कवि मुख्यतः आठ शब्द आलटून पालटून योजतो. त्यांतील प्रमुख शब्द 'तोरा'. मराठींत त्यास 'नियमशास्त्र' म्हणतात. परंतु मूळ शब्दाचा रोख शिकवण देण्याकडे, वाट दाखविण्याकडे आहे. तेव्हां हा नियम म्हणजे केवळ दंडसंहिता नव्हे.

कवीचें नांव स्तोत्रांत नाहीं. त्याचें दुःख मात्र स्पष्ट आहे. अधिकारी त्याच्याविरुद्ध खलबतें करितात, गर्विष्ठ लोक त्याच्यावर कुभांड रचितात, त्याच्या वाटेंत खड्डे खणितात. अकराव्या गटांत, म्हणजे पूर्वार्धाच्या अखेरीस, तो अगदीं थकून जातो. धुरांत राहून सुरकुतलेल्या कातडी बुधल्याशीं तो आपली तुलना करितो आणि छळणारांचा न्याय कधीं होणार, असें ईश्वरास उघड विचारतो.

उत्तरार्धाच्या आरंभीं शत्रूंच्या नाशाची वार्ता असावी अशी आपली अपेक्षा असते. ती तेथें नाहीं. कवि एकदम आकाशाकडे व स्थिर पृथ्वीकडे दृष्टि वळवितो. ज्या वचनावर हें विश्व टिकून आहे, त्याच वचनावर आपण उभे आहों, हें त्यास उमगतें. त्याची परिस्थिति पालटलेली नाहीं; पायाखालची भूमि मात्र सांपडली आहे.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, श्रद्धा म्हणजे निमूटपणें सोसणें नव्हे. कवि तक्रार करितो, न्याय मागतो, अन्यायास अन्यायच म्हणतो. पीडितास 'गप्प रहा' असें सांगणारास या स्तोत्रांत आधार मिळणार नाहीं. दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. दुर्जन आपलें धन, मान, स्वास्थ्य हिरावूं शकतो. परंतु आपण त्याच्यासारखेंच खोटें बोलूं लागलों, तर आपलें शीलहि त्याच्या हवालीं होतें. नियमाला धरून राहणें म्हणजे हा शेवटचा ठेवा न देणें.

आणि अखेरचा श्लोक? इतकी निष्ठा गाऊनहि कवि स्वतःस वाट चुकलेलें मेंढरूं म्हणवितो आणि आपला शोध घेण्याची विनंती करितो. ज्यावर अन्याय झाला त्यासहि मी निर्दोष असा अहंकार बाळगतां येत नाहीं. दुर्जनांस ज्या मापानें मोजावें, त्याच मापाखालीं स्वतः उभें राहावें, ही तयारी असेल तरच ईश्वरी नियमावरील विश्वास सुडाच्या इच्छेहून वेगळा ठरतो.