पडद्यामागचं नेटवर्क (भाग ९) : लॉग फिरवा, पण वेळेला हात लावू नका

मागच्या भागात आपण स्क्विड हा प्रॉक्सी सर्व्हर उभा केला आणि ऑफिसातले सगळे ब्राउझर त्याच्या ३१२८ या पोर्टकडे वळवले. तेव्हापासून स्क्विड प्रत्येक विनंतीची एक ओळ ‘ॲक्सेस डॉट लॉग’ या फायलीत लिहितो आहे. लक्ष दिलं नाही तर ही फाइल डिस्क भरेपर्यंत वाढते. म्हणून आज दोन कामं शिकू : लॉग फिरवणं, म्हणजे ठरावीक काळाने जुनी फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करणं, आणि त्यातली वेळ वाचणं. कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची.

नाव बदलून भागत नाही

लिनक्समध्ये चालू प्रोग्रॅमने एकदा फाइल उघडली की तिचं नाव बदललं तरी त्याला फरक पडत नाही. तुम्ही ‘एमव्ही’ने नाव बदललंत, तर स्क्विड त्याच जुन्या फायलीत लिहीत राहतो. ‘आरएम’ने उडवलीत तर पंचाईत मोठी : फाइल यादीतून जाते, पण स्क्विड ती बंद करेपर्यंत डिस्कवरची जागा मोकळी होत नाही.

योग्य कमांड आहे ‘स्क्विड -के रोटेट’. ती मिळाली की स्क्विड फाइल बंद करतो, तिच्या नावाला ० हा क्रमांक जोडतो, आधीच्या फायली एकेक क्रमांक पुढे सरकवतो आणि नवी फाइल उघडतो. किती जुन्या फायली ठेवायच्या ते ‘लॉगफाइल_रोटेट’ या सेटिंगवर ठरतं. ते मुळात १० असतं, म्हणजे ० ते ९ क्रमांकाच्या फायली राहतात आणि अकराव्या वेळी सर्वांत जुनी जाते.

डेबियन आणि उबुंटूवर हे काम बहुधा ‘लॉगरोटेट’ ही वेगळी यंत्रणा करते. तसं असेल तर स्क्विडचं सेटिंग ० करा. मग तो नावांना हात लावत नाही, फाइल फक्त बंद करून पुन्हा उघडतो. दोघांनीही क्रमांक द्यायचे ठरवले तर कोणत्या दिवसाची फाइल कोणती, याचा पत्ता लागत नाही. लॉगरोटेटमधला ‘कॉपीट्रंकेट’ हा पर्यायही इथे नको. त्यात फाइल कॉपी करून मूळ फाइल रिकामी केली जाते आणि या दोन क्रियांच्या मधल्या क्षणी आलेल्या ओळी हरवतात.

किती दिवस ठेवायचं?

भारतातल्या संस्थांसाठी याचं उत्तर मनावर सोडलेलं नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग मागच्या १८० दिवसांपर्यंतचे, आणि भारताच्या हद्दीत, सांभाळायचे आहेत. रोज लॉग फिरवणाऱ्याला १० फायली म्हणजे दहाच दिवस पुरतात. तेव्हा संख्या १८०च्या वर न्या आणि जुन्या फायली जीझिपने दाबून ठेवा. ‘झेडकॅट’ने त्या न उलगडताही वाचता येतात.

दहा आकडी वेळ

आता ओळीच्या सुरुवातीचा आकडा पाहू. समजा तो १७००००००००.१२५ आहे. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रिनिचच्या वेळेने, इतके सेकंद उलटले असा त्याचा अर्थ. दशांश चिन्हापुढे मिलिसेकंद. ‘डेट’ कमांडला ‘-डी’ देऊन ‘@’ चिन्हापुढे हा आकडा लिहिला की तारीख मिळते. अख्खी फाइल वाचायची असेल तर पर्लच्या ‘लोकलटाइम’ फंक्शनने प्रत्येक ओळीचा पहिला आकडा बदलून घेता येतो.

मात्र हे रूपांतर तुम्ही वाचता त्या मशीनच्या टाइमझोनप्रमाणे होतं. क्लाउडवरच्या बऱ्याच मशीन यूटीसीवर, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेवर, असतात. तिथे हा आकडा १४ नोव्हेंबर २०२३, रात्री १०:१३:२० असा दिसेल. भारतीय वेळेने तो १५ नोव्हेंबरची पहाट, ३:४३:२०. साडेपाच तासांच्या फरकाने तारीखच बदलली! म्हणून कमांडच्या आधी ‘टीझेड=एशिया/कोलकाता’ लिहायची सवय लावा.

याहून फसवी गोष्ट पुढे आहे. स्क्विड विनंती आली तेव्हाची नव्हे, ती पूर्ण झाली तेव्हाची वेळ लिहितो. सोसायटीच्या वॉचमनने पाहुणा बाहेर पडताना वहीत नोंद करावी, तसं. विनंतीला किती मिलिसेकंद लागले, ते ओळीतल्या दुसऱ्या रकान्यात असतं. तिथे ७२००००० असेल तर तो दोन तास चाललेला व्यवहार. वरच्या उदाहरणात त्याची सुरुवात पहाटे १:४३ ला झाली. एचटीटीपीएसच्या जोडण्या स्क्विडमधून बोगद्यासारख्या जातात आणि त्यांची ओळ बोगदा बंद झाल्यावरच उमटते. त्यामुळे मध्यरात्री लॉग फिरत असेल, तर रात्री अकराला सुरू झालेलं लांबलचक डाउनलोड दुसऱ्या दिवसाच्या फायलीत सापडतं. चौकशीत कुणावर ठपका ठेवण्याआधी ही वजाबाकी करायलाच हवी.

‘लॉगफॉरमॅट’ वापरून स्क्विडला थेट वाचता येणारी तारीख लिहायला लावता येते. पण मूळ फायलीत ते करू नये. सेकंदांचा आकडा टाइमझोनवर अवलंबून नसतो, वजाबाकीला सोपा असतो, आणि लॉगचं विश्लेषण करणारी बरीच साधनं हीच मूळ मांडणी गृहीत धरतात. साहेबांना वाचायला सोपी प्रत हवीच असेल, तर दुसरी ‘ॲक्सेस_लॉग’ ओळ घालून वेगळी फाइल सुरू करा.

अर्थात सर्व्हरचं घड्याळच चुकीचं असेल तर ही सारी मेहनत वाया. सर्ट-इनचे तेच निर्देश घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी (नेटवर्कवरून वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरशी जुळवायला सांगतात. तेव्हा पुढचा भाग येईपर्यंत आपल्या सर्व्हरवर तीन गोष्टी तपासा : लॉग कोण फिरवतं, किती दिवसांचा उरतो आणि घड्याळ कुणाशी जुळलेलं आहे.

(पुढील भागात : लॉगमधले ‘हिट’, ‘मिस’ आणि ‘डिनाइड’)