पायराझिनच्या कड्यातील एक इलेक्ट्रॉन

लोखंडाच्या चुंबकात धातूचे अणू एकमेकांना लागून असतात आणि फेराइटच्या चुंबकात त्यांच्यामध्ये जेमतेम एका ऑक्सिजन अणूचे अंतर असते. समन्वय बहुवारिकांत मात्र दोन धातू-आयनांच्या मध्ये एक अख्खा सेंद्रिय रेणू बसलेला असतो. धातूला इलेक्ट्रॉनांची जोडी देऊन बांधून ठेवणाऱ्या अशा रेणूला लिगँड म्हणतात, आणि त्याची दोन टोके दोन निराळ्या आयनांना धरू शकत असतील, तर धातू आणि लिगँड यांची साखळी, जाळी किंवा चौकट दूरवर वाढत जाते. धातूच्या अयुग्मित, म्हणजे जोडीदार नसलेल्या, इलेक्ट्रॉनांमुळे प्रत्येक आयन सूक्ष्म चुंबकासारखा वागतो. परंतु असे असंख्य चुंबक एकमेकांची दिशा ओळखून शिस्तीत उभे राहतील की नाही, हे मधल्या लिगँडवर अवलंबून असते.

पायराझिन या लिगँडवरून हे उत्तम कळते. चार कार्बन आणि समोरासमोर दोन नायट्रोजन असलेले हे षट्कोनी कडे तांब्याच्या नायट्रेटबरोबर सरळ साखळ्या बांधते, ज्यांत शेजारच्या दोन तांब्यांत सुमारे ०.७ नॅनोमीटर अंतर असते. कड्यातील सर्व इलेक्ट्रॉन जोडीने असल्यामुळे तांब्यांचा परस्परप्रभाव त्यातून क्षीण होऊनच पोहोचतो, आणि तो शेजाऱ्यांना परस्परविरुद्ध दिशेने वळवतो. शिवाय अशा एकाकी साखळीत निरपेक्ष शून्याच्या वर कोणत्याही तापमानाला दूरवरची शिस्त टिकत नाही, असे सिद्धांत सांगतो. साखळ्यांमधील अत्यल्प आकर्षण-विकर्षणामुळे ती प्रत्यक्षात येते, पण अवघ्या ०.१०७ केल्व्हिनला. कागदावरच्या आदर्श साखळीच्या इतके जवळ जाणारे पदार्थ विरळाच, म्हणून भौतिकशास्त्रज्ञांना या संयुगाचे फार मोल आहे. चुंबक म्हणून मात्र ते निरुपयोगी आहे.

तेच पायराझिन क्रोमियमच्या सपाट जाळीत बसवले की चित्र पालटते, कारण क्रोमियम आपला एक इलेक्ट्रॉन कड्यांना देऊन टाकतो आणि लिगँड स्वतःच चुंबकी होतो. आता दोन धातूंना दुरून संधान बांधावे लागत नाही. प्रत्येक धातूच्या थेट शेजारी अयुग्मित इलेक्ट्रॉन असतो. धातू आणि लिगँड यांची चुंबकी बले विरुद्ध दिशेने असली, तरी असमान संघांच्या रस्सीखेचीप्रमाणे एका बाजूचे बल शिल्लक राहते; यालाच फेरीचुंबकत्व म्हणतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अशा क्रोमियम-पायराझिन क्लोराइडमध्ये ही शिस्त सुमारे ५५ केल्व्हिनपर्यंत टिकली. त्यानंतर लिथियमयुक्त क्षपणकारकाने, म्हणजे इलेक्ट्रॉन देणाऱ्या द्रव्याने, जाळीत आणखी इलेक्ट्रॉन घातले गेले आणि जाळीतील सर्वच पायराझिन कडी चुंबकी झाली. बोर्दो येथील रोदोल्फ क्लेराक आणि डेन्मार्कमधील कास्पर पेडरसन यांच्या गटांनी २०२० मध्ये मांडलेल्या या पदार्थाचे चुंबकत्व २४२ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, आणि सामान्य तापमानाला ते पुसून टाकण्यासाठी सुमारे ७५०० ओर्स्टेडचे विरुद्ध क्षेत्र लागते. लिगँड चुंबकी करण्याची कल्पना मुळात जुनी आहे: जोएल मिलर आणि आर्थर एप्स्टाइन यांच्या गटाचा १९९१ चा व्हॅनेडियम-टेट्रासायनोएथिलीन चुंबक सामान्य तापमानालाही चुंबकच राहत असे, पण त्याच्या अणुरचनेत स्फटिकाची सुसूत्रता नव्हती आणि त्याचे चुंबकत्व सहज उलटवता येत असे.

लिगँडला निव्वळ सांधा मानून धातू बदलत राहण्यापेक्षा लिगँडलाच इलेक्ट्रॉन देणे अधिक फलदायी ठरले, हे या आकड्यांवरून निर्विवाद आहे. मात्र इलेक्ट्रॉनांनी भारलेली ही कडी हवेत टिकत नाहीत, आणि ती टिकाऊ होईपर्यंत या चुंबकांची जागा प्रयोगशाळेतच राहील.