'टाकी धुतली' म्हणजे नेमके काय झाले?

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघाले की घाट सुरू होण्याआधी कात्रजला पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची डेअरी लागते. पुण्यातील कितीतरी घरांत सकाळी येणारी 'कात्रज' दुधाची पिशवी याच संघाची. पिशवीतले दूध चहात ओतताना ते किती हातांतून आपल्यापर्यंत आले, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. गावात दूध मापून घेणारा, शीतकरण केंद्रावरचा कामगार, टँकरचा ड्रायव्हर, प्रयोगशाळेतील तपासनीस, पाश्चरीकरणाच्या यंत्रापाशी उभा असलेला माणूस, पिशव्या भरणारा, अशी ही लांबलचक साखळी. यांतली अनेक माणसे एकमेकांना ओळखतही नाहीत. तरी त्यांना एकमेकांना निरोप द्यावे लागतात आणि ते अचूक द्यावे लागतात.

विद्यार्थी मित्रहो, दूध काही थांबून राहणारा पदार्थ नव्हे. धार काढतानाचे दूध जनावराच्या अंगाइतकेच गरम, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअस असते. जीवाणूंना हे तापमान फार मानवते. त्यांची संख्या दर अर्ध्या तासाला दुप्पट होते असे धरले, तरी तीन तासांत ती सहा वेळा दुप्पट होईल, म्हणजे एका जीवाणूचे ६४ होतील! म्हणून दूध लवकरात लवकर ४ अंशांपर्यंत थंड करतात. एखाद्या ठिकाणचे शीतयंत्र बंद पडले आणि तो निरोप तीन तास उशिरा पोचला, तर नुकसान किती होईल याचा हिशेब तुम्हीच करा.

निरोप वेळेवर पोचला, पण अपुरा असला तर? समजा, एकाने सांगितले, "दहा हजार आले." दहा हजार काय? लिटर की किलो? दूध पाण्यापेक्षा किंचित जड असते. त्याची विशिष्ट घनता सुमारे १.०३ असते. म्हणून १०,००० लिटर दुधाचे वजन सुमारे १०,३०० किलो भरते. एकाच्या वहीत लिटर आणि दुसऱ्याच्या वहीत किलो असले, तर ३०० चा फरक दिसणार आणि बिचाऱ्या टँकरच्या ड्रायव्हरवर उगाच संशय येणार. ही चूक अडाणीपणाची आहे असे समजू नका. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने मंगळाकडे पाठवलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नाहीसे झाले ते अशाच चुकीमुळे. यानाच्या छोट्या अग्निबाणांनी दिलेल्या रेट्याचे आकडे एक गट पौंडांच्या मापात देत होता, तर दुसरा गट तेच आकडे न्यूटनच्या मापातले समजून गणित करीत होता. या दोन मापांत जवळजवळ साडेचार पटींचा फरक आहे. दोन्हीकडे निष्णात माणसे होती, पण आकड्यामागचे एकक एकमेकांना विचारून घेतले गेले नाही.

आता आकडा ऐकण्याची गोष्ट. पाश्चरीकरणात दूध ७२ अंशांपर्यंत तापवून १५ सेकंद त्याच तापमानाला ठेवतात आणि लगेच थंड करतात. त्यामुळे क्षयासारख्या रोगांचे जंतू मरतात. ६२ अंशांवर १५ सेकंदांनी हे काम होत नाही. यंत्रांच्या घरघरीत 'बासष्ट' आणि 'बहात्तर' हे शब्द उच्चारून पाहा. दोन्हींची सुरुवात 'ब'ने. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक मागून. शब्दाचे शेपूट गोंगाटात बुडाले, की बुडते ते दशक. म्हणजे चूक होते ती एकदम दहाची! डोके बुडाले तर 'एकोणसत्तर'चे 'सत्तर' होते. तिथे चूक एकाचीच, पण चूकच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. त्या वादात मी पडत नाही. घरात 'बासष्ट'च गोड लागते. मात्र यंत्रापाशी किंवा फोनवर 'सात, दोन' असे एकेक अंक सुटे करून सांगणे शहाणपणाचे.

सर्वांत फसवे शब्द मात्र आकड्यांचे नसतात, ते असतात रोजचे. दुधाच्या टाक्या आणि नळ्या खोलून न काढता जागच्या जागी धुतात. आधी पाणी, मग कॉस्टिक सोड्याचे ऊन द्रावण, पुन्हा पाणी, मग सौम्य आम्ल, शेवटी पुन्हा स्वच्छ पाणी. आता पाळी संपवून घरी निघालेला कामगार पुढच्या पाळीच्या कामगाराला म्हणाला, "तीन नंबरची टाकी धुतली." म्हणजे काय झाले? सोडा फिरवून झाला, की शेवटचे पाणीही फिरले? बोलणाऱ्याच्या मनात एक अर्थ, ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा. टाकीत सोडा उरला असेल आणि वरून दूध सोडले, तर काय होईल?

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे दगावली. त्यातल्या एका विमानातून 'आम्ही आता उड्डाणावर आहोत' अशा अर्थाचा संदेश गेला होता. विमान धावू लागले होते. नियंत्रकाला मात्र वाटले, ते उड्डाणाच्या जागी तयार उभे आहे. त्याने 'थांबा' म्हणून सांगितले, पण त्याच क्षणी दुसरे विमानही रेडिओवर बोलू लागल्याने ते शब्द कर्कश आवाजात बुडाले. त्याहून चटका लावणारी गोष्ट अशी, की धावत्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरने 'ते दुसरे विमान बाजूला झाले नाही का?' अशी शंका काढली होती. अनुभवी कॅप्टनने ठामपणे 'झाले' म्हटले आणि विषय संपला. त्यानंतर विमानवाहतुकीत 'उड्डाण' हा शब्द परवानगी देताना आणि ती रद्द करतानाच वापरायचा, असा नियम झाला. ऐकलेली आज्ञा वैमानिकाने पुन्हा म्हणून दाखवायची, या प्रथेवरही अधिक जोर आला. डेअरीतही हे जमते. "तीन नंबर, शेवटचे पाणी फिरवले का?" "फिरवले, तपासले." एवढ्याला चार सेकंद लागतात. नव्या मुलाला मात्र "साहेबांना उलट कसे विचारायचे?" हा संकोच असतो, आणि तो घालवणे साहेबांचेच काम आहे असे मला वाटते.

पाश्चरीकरणाच्या यंत्रातील एक झडप या बाबतीत आदर्श आहे. दूध पुरेसे तापले नसेल तर ती त्याला पुढे जाऊ देत नाही, मागे वळवते. कोणाचा हुद्दा काय, हे ती पाहत नाही!

निरोप गोंगाटातूनही कसा तगतो, याचे गणित अमेरिकन शास्त्रज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडले. संदेशात गरजेपेक्षा थोडे जास्त काही असले, तर हरवलेला भाग भरून काढता येतो. मराठीत ही सोय आयतीच आहे. '...धुतली' एवढेच ऐकू आले, तरी कॅन नव्हे हे कळते, कारण कॅन 'धुतला' असता. पण टाकी की नळी, हे मात्र त्यावरून कळत नाही.

हे सारे वर्गात पडताळून पाहता येईल. घरघर करणारा जुना पंखा किंवा मिक्सर चालू ठेवा. एका मित्राने ११ ते ९९ मधल्या २० संख्या खोलीच्या दुसऱ्या टोकावरून एकेकदाच वाचाव्यात, तुम्ही लिहून घ्याव्यात. मग निराळ्या २० संख्या त्याने एकेक अंक सुटा करून वाचाव्यात. तिसऱ्या खेपेला प्रत्येक संख्या तुम्ही मोठ्याने परत म्हणा आणि मित्राने 'बरोबर' म्हटल्यावरच लिहा. तिन्ही खेपांच्या चुका मोजा आणि प्रत्येक खेपेला किती वेळ लागला, तेही घड्याळ लावून टिपून ठेवा.