प्रकाशाच्या मेजाचे पाय

१८८१ साली आल्बर्ट मायकेलसन हा अमेरिकी नौदलातील तरुण अधिकारी बर्लिनमध्ये एक विलक्षण प्रयोग मांडून बसला होता. प्रकाशाच्या एका झोताचे दोन भाग करावयाचे, ते काटकोनातील दोन वाटांनी पाठवून पुन्हा एकत्र आणावयाचे आणि त्यातून उमटणाऱ्या काळ्या-उजळ पट्ट्यांच्या सरकण्यावरून पृथ्वीची ईथरमधील गती शोधावयाची, असा त्याचा संकल्प होता. परंतु पट्टे जागेवर राहीनात. दिवसा काम अशक्यच झाले. रात्रीही बारा वाजून गेल्यावर, आणि तेही अधूनमधूनच, त्यांची जागा वाचता येई. अखेर हे सारे बिऱ्हाड पॉट्सडॅमच्या वेधशाळेत हलवावे लागले. तेथे दगडी चौथराही पुरेसा ठरला नाही, म्हणून उपकरण दुर्बिणीच्या पायाखालील तळघरात उतरविण्यात आले. तरीही शंभर मीटर अंतरावर कोणी फरसबंदीवर पाय आपटला की पट्टे पार नाहीसे होत!

सहा वर्षांनी क्लीव्हलंड येथे एडवर्ड मोर्लीच्या सहकार्याने त्याने हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा सारी सामग्री सुमारे दीड मीटर चौरस आणि तीस सेंटिमीटर जाडीच्या शिळेवर बसविली आणि ती शिळा पाऱ्यावर तरंगत ठेवली. ईथर सापडला नाही, हे सर्वश्रुतच आहे. पण त्या न सापडण्यावर जगाने विश्वास ठेवला, याचे श्रेय काही अंशी तरी त्या पाऱ्याला द्यावे लागेल.

आजच्या प्रयोगशाळांत पाऱ्याची जागा पोलादी पत्र्यांच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेल्या मेजाने, म्हणजे ऑप्टिकल टेबलाने, घेतली आहे. अडचण मात्र तीच आहे. नेहमीच्या तांबड्या हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ६३३ नॅनोमीटर असते. एखादा आरसा तिच्या चतुर्थांशाने, म्हणजे जेमतेम १६० नॅनोमीटर, मागेपुढे झाला तरी उजळ पट्ट्याच्या जागी काळा पट्टा येतो. शेजारच्या खोलीतला पंप, जिन्यावरून धावणारी मुले, रस्त्यावरचा ट्रक यांपैकी कोणालाही एवढे सहज जमते.

असे असूनही खरेदीच्या वेळी लेसर कोणता, कॅमेरा कोणता यावर समितीच्या बैठकांमागून बैठका झडतात आणि मेज कशावर उभे करावयाचे हा प्रश्न उरलेल्या पैशांवर सोडला जातो. 'जड असले म्हणजे झाले' ही समजूत तर सार्वत्रिक आहे. वास्तविक जमिनीवर घट्ट बसविलेली शिळा कितीही जड असली तरी जमीन हलेल तशी तीही हलतेच. वजनाला मऊ आधाराची जोड मिळाली तरच त्याचा उपयोग.

हा मऊपणा मोजण्याची युक्ती इतकी सोपी आहे की ती शाळेच्या फळ्यावरही मांडता यावी. मेज आधारावर ठेवल्यावर तो आधार किती दबतो ते पाहावे. एक सेंटिमीटर दबला, तर मेजाची नैसर्गिक कंप्रता, म्हणजे धक्का देऊन सोडल्यास ते सेकंदाला जितके हेलकावे घेईल ती संख्या, सुमारे पाच असते. एक मिलिमीटरच दबला तर सुमारे सोळा. ती एकावर आणावयाची असेल तर आधार चक्क पंचवीस सेंटिमीटर दबला पाहिजे! आणि कोणताही आधार आपल्या नैसर्गिक कंप्रतेच्या साधारण दीडपटीच्या पुढेच कंपने अडवू लागतो. त्याखाली तो काहीच अडवीत नाही. उलट, झोपाळ्याला योग्य वेळी दिलेल्या झोक्याप्रमाणे, नैसर्गिक कंप्रतेच्या आसपासची कंपने तो वाढवितो.

येथेच रबरी गाद्यांचा मोह नडतो. गादी स्वस्त, टिकाऊ आणि मागणीपत्रकात दोन ओळींत बसणारी. पण मिलिमीटरभर दबणारी गादी सेकंदाला सोळा कंपनांच्या घरात वसते, आणि इमारतींच्या वरच्या मजल्यांची जमीन पुष्कळदा याच सुमारास थरथरत असते. अशा ठिकाणी गादी घालणे हे न घालण्यापेक्षा वाईट. त्यातही पाचशे किलोंसाठी बनविलेली गादी दोनशे किलोंच्या मेजाखाली घातली की ती धड दबतही नाही. पोलादी स्प्रिंग पुरेशी दबते. मात्र एकदा हलली की लवकर थांबत नाही.

हवेचे पाय लोकप्रिय झाले ते या कोंडीतून वाट निघते म्हणून. मेजाचा भार कोंडलेल्या हवेचा दाब पेलतो, झडप उंची राखते, आणि हवा एका कप्प्यातून दुसऱ्यात बारीक छिद्रावाटे ये-जा करीत असल्याने हेलकावा लवकर शमतो. त्यांची नैसर्गिक कंप्रता एक ते तीनच्या दरम्यान असते. मिनिटाला १४५० फेरे घेणारी पंपाची मोटर सेकंदाला सुमारे २४ कंपने देते. दीड कंप्रतेच्या चांगल्या पायांतून त्यांचा पन्नासावा हिस्साही वर पोहोचत नाही.

मात्र उंच इमारतीचे मंद डोलणे याच एक ते तीनच्या पट्ट्यात येऊ शकते, आणि तेथे हवेचे पायही हात टेकतात. मग हालचाल टिपून तिच्या उलट ढकलणारी विद्युत-नियंत्रित महागडी व्यवस्था घ्यावी लागते, किंवा सरळ तळमजल्यावरची खोली मागावी लागते. दुसरा उपाय बहुधा फुकट असतो. विभागप्रमुखाची खोली तळमजल्यावर असल्यास तो जरा अवघड होतो, इतकेच.

म्हणून पाय मागविण्याआधी खोली तपासणे अगत्याचे आहे. त्यासाठी परदेशी यंत्र हवेच असे नाही. एम. एस्सी.च्या प्रयोगशाळेत असणारे मायकेलसनचे उपकरण लेसरसह त्या जागी मांडावे आणि दिवसभर पट्टे पाहावेत: पंप चालू असता, बंद असता, तास सुटल्यावर, मध्यरात्री. पैसा नसेल तर वाळूची पेटी हवा भरलेल्या ट्यूबांवर ठेवण्याचा मार्ग आहेच. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतील हौशी मंडळींनी अशाच पेट्यांवर होलोग्राम घेतले. उलट लाखोंच्या हवाई पायांवरील मेजाला निर्वात पंपाची ताठ नळी जोडली, किंवा पायांना हवा पुरविणारा कॉम्प्रेसर त्याच खोलीत ठेवला, की एका हाताने अडविलेले दुसऱ्या हाताने आत घेतल्यासारखे होते. मोजमापे हलती निघाली की दोष मात्र बहुधा संशोधक विद्यार्थ्याच्या हाताला दिला जातो आणि त्याचे एखादे वर्ष वाया जाते.

मायकेलसनच्या उपकरणाचाच अवाढव्य वंशज असलेली, गुरुत्वीय तरंग टिपणारी लायगो वेधशाळाही या जाचातून सुटलेली नाही. अमेरिकेत लिव्हिंग्स्टन येथे परिसरातील वृक्षतोडीच्या आणि आगगाड्यांच्या हादऱ्यांमुळे दिवसा काम करणे दुरापास्त झाले होते. तेथे पुढे कंपने उलट दिशेने खोडून काढणारी द्रवचलित यंत्रणा बसवावी लागली. तिच्यावर आणखी थर चढले, चाळीस किलोंचे आरसे चार लंबकांच्या साखळीच्या टोकाला टांगले गेले, आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिला तरंग हाती आला. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ अशाच चार किलोमीटर लांब भुजांच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. ती जागा निश्चित करताना तेथील जमीन किती हलते हे आधी मोजले गेले होते.