तांडेलाचा दहावा रोजा

"सावकाश जेवा, सर. पाणी सव्वाआठला भरणार आहे," चाचा म्हणाले. पहाटेचे पाच वाजले होते. हर्णै बंदरालगतच्या त्यांच्या घरात आम्ही सहरीला बसलो होतो. ताटात दहीभात, भाकरी आणि केळं. मासेमाराच्या घरी पहिल्या प्रहरी मासळीचा तुकडा नाही याचं मला नवल वाटलं. चाचींनी सांगितलं, "समुद्रावर जाणारा माणूस सहरीत सुकं म्हावरं खात नाही. एकदा खाल्लं की दिवसभर जीभ टाळूला चिकटते."

चाचा डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीवर तांडेल आहेत. कॉलेजात माझ्याकडे उर्दू शिकून गेलेल्या एका विद्यार्थ्याचे ते मामू. उन्हात, खाऱ्या वाऱ्यात, डिझेलच्या वासात रोजा ठेवून हा माणूस दिवसाला चार-पाच फेऱ्या मारतो, असं त्या मुलाने सांगितलं. मग मी एक दिवस मागून घेतला. मीही रोजेदार होतो, पण माझा रोजा पंख्याखाली वर्गात जातो. हे आधीच कबूल करून टाकतो.

भाषा शिकवणाऱ्या माणसाची खोड म्हणा, पण बोटीवर चढताना मला शब्दच आधी दिसतात. बोटीच्या मालकाला इथे नाखवा म्हणतात. हा फारसीतला नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. सुकाणू अरबीतल्या सुक्कानवरून आलं. बंदर फारसी, दर्या फारसी, खलाशीही तिकडूनच आलेला. कोकणातला कोणताही कोळी, भंडारी किंवा दालदी रोज हे शब्द वापरतो आणि कुणाला ते परके वाटत नाहीत. चाचांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "शब्द कुठूनही येवोत, सुकाणू हातात घट्ट धरायला लागतं."

सव्वाआठचा हिशोब त्यांनी घड्याळ न बघता केला होता. किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चाचा तिथी ठेवत नाहीत, चाँदची तारीख ठेवतात. दहावा रोजा, त्यात एक मिळवला की अकरा, आणि अकराची पाऊणपट सव्वाआठ. तो एक का मिळवायचा? कोर डोळ्यांना दिसेपर्यंत अमावास्या उलटून एखादा दिवस गेलेला असतो म्हणून. कधी दोनही मिळवावे लागतात. बोटीवरच्या तरुण खलाशाने त्यावर शिक्का मारला. "बरोबर आहे, आज एकादशी. आईने सकाळीच बजावलंय, बाहेरचं काही खाऊ नको." म्हणजे एका बोटीवर दोन उपवास झाले. फरक इतकाच, की त्याच्या उपवासात शेंगदाण्याचा लाडू आणि चहा बसतो. तो लाडू खाताना आमच्याकडे पाठ करून बसला, तेव्हा चाचांनी त्याला दटावलं, "इकडे तोंड करून खा रे, आणि पाणी पी. ऊन चढलं की तुला चक्कर येईल आणि नांगर मला ओढायला लागेल."

सकाळी सातला पहिली फेरी निघाली. फायबरची बोट, मागे आउटबोर्ड इंजिन, पुण्याकडचे दहा पर्यटक. केशरी लाईफ जॅकेट घातल्याशिवाय चाचा नांगर उचलत नाहीत. एका गृहस्थांना फोटोत जॅकेट नको होतं. चाचा काही बोलले नाहीत, नुसते बसून राहिले. दोन मिनिटांत जॅकेट चढलं.

या वेळी मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा. किनाऱ्याजवळचं पाणी तेलासारखं सपाट दिसतं. दुपारी वारा उलटतो, खारा वारा सुटतो, लाटांना टोकं येतात आणि मग पाण्यावरची पाठ ओळखणं कठीण होतं. म्हणून सकाळच्या फेऱ्यांवरच दिवसाची कमाई असते. सुवर्णदुर्गाला वळसा घालून आम्ही उत्तरेला, आंजर्ल्याच्या खाडीकडे निघालो. 2025 मध्ये हा किल्ला युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून पर्यटकांचे प्रश्न वाढलेत, असं खलाशी सांगत होता. चाचांची एक नजर किल्ल्यावर होती आणि दुसरी डोंगरावर, कड्यावरच्या गणपतीच्या कळसावर. ही दोन टोकं कशी दिसतात त्यावरून आपण कुठे आहोत हे त्यांना कळतं. मोबाईलवर नकाशा आहे, पण तो ते पर्यटकांना दाखवण्यासाठी ठेवतात.

डॉल्फिन शोधताना ते डॉल्फिन शोधत नाहीत, पक्षी बघतात. कुरव आणि सुरय एकाच जागी घिरट्या घालून सूर मारू लागले की खाली बारीक मासळीचा थवा आहे. भरतीच्या पाण्याबरोबर मासळी खाडीच्या तोंडाशी येते आणि तिच्यामागे डॉल्फिन. आपल्या किनाऱ्यालगत दिसतो तो बहुतेक वेळा इंडियन ओशन हम्पबॅक डॉल्फिन. राखाडी रंग, पाठीवर उंचवटा, त्या उंचवट्यावर छोटासा पर. हा उथळ पाण्यातला प्राणी, खाड्यांच्या आसपास राहणारा. जगभरात तो धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे, आणि आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. टीव्हीवरच्या डॉल्फिनसारखा हा उठसूट उड्या मारत नाही. श्वास घ्यायला वर येतो, पाठ दाखवतो आणि जातो. आम्हाला पाच-सहा पाठी दिसल्या. फुस्स असा श्वास ऐकू आला. दहापैकी सातजण खूश होते. तिघांनी विचारलं, "उडी कधी मारणार?"

दुसऱ्या फेरीत मात्र वेगळंच घडलं. आम्ही पोचलो तेव्हा तिथे आधीच तीन बोटी होत्या आणि मधोमध एक मादी, तिच्या कुशीला चिकटून पिल्लू. बोटी तिच्या पुढ्यात जाऊन वळत होत्या. ती बुडायची, दुसरीकडे वर यायची, की इंजिनं तिकडे. आमच्या बोटीवरचे लोक उभे राहून ओरडायला लागले. आणि खरं सांगायचं तर, सकाळच्या फेरीत माझ्या मोबाईलमध्ये नुसतं पाणीच आलं होतं, म्हणून मीही म्हणालो, "चाचा, जरा जवळ घ्या ना."

चाचांनी इंजिन बंद केलं.

एकदम शांतता झाली. बोट लाटेवर डुलत राहिली. पुढच्या बाकावरचा एक माणूस तावातावाने म्हणाला, "त्या बोटी बघा किती जवळ गेल्यात! आम्ही पण पैसे दिलेत." चाचा म्हणाले, "साहेब, पोराला श्वास घ्यायचाय. आईपेक्षा त्याला लवकर लवकर वर यायला लागतं. आपण वर गोंगाट केला की आई त्याला खाली दाबते." माणूस ऐकेना. पंधरा मिनिटं थांबलो. मादी पिल्लाला घेऊन पश्चिमेला निघून गेली, आमच्यापासून लांबूनच. किनाऱ्यावर उतरल्यावर चाचांनी त्या कुटुंबाला अर्धे पैसे परत दिले.

ते पैसे कुणाचे, हे मला खलाशाकडून कळलं. डिझेल वजा जाता उरलेल्या कमाईत नाखव्याचा वाटा, तांडेलाचा वाटा, खलाशाचा वाटा. परत दिलेले पैसे तांडेलाच्या वाट्यातून जातात. थोड्या वेळाने फोन वाजला. चाचा "हो", "बरं", "समजलं" एवढंच बोलले. बोटी मेअखेर बंद होतात, पावसाळा संपेपर्यंत दुसरं काम बघावं लागतं, आणि नाखव्याला दुसरा तांडेल मिळायला फारसा वेळ लागत नाही. शिवाय तोंडावर ईद. घरात चार मुलांचे कपडे. मी विषय काढला तर म्हणाले, "तुमचा फोटो राहिला ना, सर?" मला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही.

दुपारी जोहरनंतर ओहोटीचं पाणी खूप मागे गेलं, तेव्हा एका होडीच्या सावलीत बसलो. घसा कोरडा पडला होता. समोर नजर पोचेल तिथवर पाणी, आणि त्यातला घोटही आपला नाही. रोजा नसता तरी तो आपला नव्हता म्हणा. चाचा जुन्या गोष्टी सांगत होते. जाळं मारत होते तेव्हा याच डॉल्फिनला ते शिव्या घालत. जाळ्यातली मासळी ओढून नेताना जाळंही फाडतो, आणि फाटलेलं जाळं विणायला आठवडा जातो. "तेव्हा तो माझ्या पोटावर पाय द्यायचा. आता त्याच्याच जिवावर पोट भरतंय. हिशोब कुठे जाऊन मिटतो, बघा."

देवमासा बघितलात का, असं मी विचारलं. एकदाच बघितला होता, खोल समुद्रात, ट्रॉलरवर खलाशी असताना. आधी फवारा दिसला, मग पाठ. "पाठ संपेचना, सर. वाटलं, आता संपेल, आता संपेल." तेव्हा तोंडातून आपसूक आयत-ए-करीमा निघाली, हजरत युनूसनी माशाच्या पोटात केलेली दुआ. शेजारचा खलाशी हात जोडून उभा होता. आपल्या समुद्रात देवमासे आहेत याचा विसर आपल्याला मधूनमधून पडतो. 2015 मध्ये सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासमोर अभ्यासकांना निळे देवमासे दिसले, तेव्हा मोठी बातमी झाली होती. आणि नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत अडकलेलं देवमाशाचं पिल्लू तर अनेकांना आठवत असेल. गावकरी, मच्छीमार, वनखात्याची माणसं यांनी जवळजवळ दोन दिवस त्याच्यावर पाणी ओतलं, त्याला ओढून पुन्हा समुद्रात नेलं. ते जगलं नाही. चाचा तिकडे गेले नव्हते, मोबाईलवर बघत होते. "ते पिल्लू आईपासून कसं चुकलं, ते कुणाला कळलं का?" त्यांनी मला विचारलं. नाही, म्हटलं. ते बराच वेळ वाळूत बोटाने रेघा ओढत राहिले.

असरनंतर शेवटची फेरी होती. वारा सुटला होता, लाटांना पांढरी टोकं आली होती. डॉल्फिन दिसला नाही. पण बोटीवरची एक सात-आठ वर्षांची मुलगी चाचांच्या शेजारी बसून सुकाणूचा दांडा धरायला शिकली आणि उतरताना आईला म्हणाली, आपण उद्या परत येऊ.

सूर्य बुडायला आला तेव्हा पाणी पुन्हा भरत होतं. बंदरावर मासळीचा लिलाव रंगात आला होता, टोपल्यांभोवती माणसांची कडी आणि बोलींचा गलका. मशिदीतून अजान झाली. खलाशाने सकाळपासून बर्फाच्या पेटीत जपून ठेवलेली पाण्याची बाटली काढून आधी चाचांना आणि मग मला दिली. खजूर माझ्याकडे होते. त्यालाही एक दिला. चालतो ना एकादशीला, म्हणून विचारलं तर म्हणाला, "खजूर चालतो. आईला विचारून ठेवलंय."

चाचांनी तीन घोटांत पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि बोटीचा दोर खुंटीला बांधायला वाकले. "उद्या बाराची पाऊणपट," ते स्वतःशीच म्हणाले. "नऊ. सातला निघायला घाई नाही, आठला या." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही येताय ना, सर? मोबाईल घरी ठेवून या."