जुन्या मोटारीच्या रेडिएटरची निगा



मारुती ८०० ही लहान मोटार १९८३ मध्ये बाजारात आली व २०१४ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. तरीही खेडोपाडी अशा जुन्या गाड्या अजून वापरात आहेत. उन्हाळ्यात रेडिएटरचे पाणी कमी झाले की बोअरचे पाणी ओतून वेळ मारून नेली जाते. हीच सवय पुढे महागात पडते.

क्षारांचे दुष्परिणाम

बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने ठिबकचे ड्रीपर कसे चोंदतात, हे आपण जाणताच. रेडिएटरमध्येही तेच घडते. पाणी तापल्यावर त्यातील क्षारांचा थर अरुंद नळ्यांत बसतो आणि उष्णता बाहेर पडत नाही. या इंजिनचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. जास्त तापल्यास ते वाकते व गॅस्केट जळते. ठिबकसाठीची आम्लप्रक्रिया मात्र येथे करू नये. आम्ल ॲल्युमिनियम खाते.

पाणी बदलण्याची पद्धत

१) इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडावे. गरम असताना उघडल्यास दाबाखालील उकळते पाणी अंगावर उडते.

२) तळाचे बूच किंवा खालची होज काढून जुने पाणी सोडावे. नितळ पाणी येईपर्यंत आतून धुवावे व बूच किंवा होज घट्ट बसवावी.

३) कुलंट व बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळून भरावे. कुलंट तयार मिश्रणाचे असल्यास पाणी घालू नये.

४) झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू करावे. बुडबुडे थांबेपर्यंत मिश्रण भरत राहावे व मग झाकण लावावे.

इतर काळजी

जाळीत अडकलेले किडे व भुसा इंजिनच्या बाजूने हलक्या धारेने धुवावा. होजला चिरा पडल्यास किंवा झाकणाचे रबर कडक झाल्यास ते बदलावे. इंजिन तापूनही पंखा सुरू होत नसल्यास वायरिंग तपासून घ्यावे. थर्मोस्टॅट काढून टाकू नये. त्यामुळे इंजिन थंड राहून पेट्रोल जास्त लागते.

वाटेत गाडी तापल्यास ती लगेच थांबवावी. इंजिन थंड झाल्यावर मिळेल ते स्वच्छ पाणी घालावे, परंतु घरी पोचताच ते बदलावे.

कुलंट चवीला गोड पण विषारी असते. काढलेले कुलंट गोठ्याजवळ, नालीत वा विहिरीजवळ टाकू नये. ते बंद डब्यात भरून मुले व जनावरांपासून दूर ठेवावे आणि गॅरेजमध्ये द्यावे.

डिस्टिल्ड वॉटरचा खर्च थोडा आहे. तो टाळून इंजिनचे काम ओढवून घेऊ नये.