तीन चाकांचे अलंकार

कार्ल बेन्झने १८८६ साली ज्या गाडीचे पेटंट घेतले ती तीन चाकांची होती. पुढे मोटारीच्या वाट्याला चार चाके आणि मोटारसायकलच्या वाट्याला दोन अशी वाटणी झाली, आणि मधला हा त्रिचक्री प्रकार पोटापाण्याच्या कामाला जुंपला गेला. अमेरिकेतील मिलवॉकीच्या हार्ले-डेव्हिडसन कारखान्याने १९३२ मध्ये, म्हणजे महामंदीच्या ऐन कडाक्यात, 'सर्व्ही-कार' नावाची तीनचाकी बाजारात आणली आणि ती १९७३ पर्यंत बनत राहिली. गॅरेजचा कारागीर तिच्यावर बसून गिऱ्हाइकाच्या दारी जाई, तिला गिऱ्हाइकाच्या मोटारीच्या पाठीमागे अडकवी आणि दोन्ही वाहने एकदमच घेऊन परते. शहराचे पोलीस रस्त्याकडेला उभ्या केलेल्या मोटारींची मुदत संपली की नाही हे तपासत तिच्यावरून हिंडत. अशा राबत्या गाडीची चाके चकचकीत करावीत, त्यांवर क्रोमची फुले बसवावीत, हा विचार त्या काळी फारसा कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

आज ज्या वाहनास मोटारसायकल ट्राइक म्हणतात त्याची प्रकृती निराळी आहे. होंडाची गोल्ड विंग ही १९७५ च्या मालिकेपासूनची दीर्घ प्रवासाची मोटारसायकल २००१ मध्ये १८०० घनसेंटिमीटरच्या इंजिनापर्यंत वाढत गेली, आणि तिचे वजन ४०० किलोंच्या आसपास पोहोचले. तिच्यावर प्रीती जडलेला स्वार साठी ओलांडतो, गुडघे कुरकुरू लागतात, सिग्नलपाशी एवढे धूड पायांवर तोलून धरणे जिवावर येते. परंतु वाऱ्यातून जाण्याचा नाद सुटत नाही. मग मागचे एक चाक काढून त्या जागी आस, दोन चाके आणि नवी पाठ बसवणारा संच घेतला जातो आणि दुचाकीची तीनचाकी होते. हार्लेने २००९ च्या मालिकेत 'ट्राय ग्लाइड' ही कारखान्यातूनच तीन चाकांवर उतरणारी गाडी आणली; आरंभी तिच्या रूपांतराचे काम साउथ डकोटातील स्पीअरफिश येथील लेहमन ट्राइक्स या कंपनीकडे होते. तेथून जवळच स्टर्जिस हे लहानसे गाव असून १९३८ पासून तेथे मोटारसायकलस्वारांचा मेळा भरत आला आहे. ज्यास चाकांचा शृंगार कोठवर जाऊ शकतो हे पाहावयाचे असेल त्याने ऑगस्टमध्ये तेथील मुख्य रस्त्याच्या कडेने ओळीने उभ्या केलेल्या गाड्यांपुढून सावकाश चालत जावे.

हा शृंगार मागच्या दोन चाकांवरच एवढा का एकवटतो, याचे कारण रचनेत आहे. दुचाकीचे मागील चाक एका बाजूने सायलेन्सरने आणि दुसऱ्या बाजूने साखळी, पट्टा अथवा दांड्याने झाकलेले असते. ट्राइकची मागची चाके मात्र मोटारीच्या चाकांप्रमाणे दोन्ही अंगांना उघडी उभी असतात, पुष्कळदा मोटारीच्याच मापाची असतात, आणि म्हणून मोटारीच्या चाकांसाठी गेली शंभर वर्षे जे जे अलंकार निघाले ते सारे त्यांना चढवता येतात. तुंब्यावर बसणारी वाटीसारखी कॅप, सगळे चाक झाकणारी तबकडी, रिंगच्या काठावर बसणारे चकचकीत कडे, नटांच्या डोक्यांवरील टोप्या, हवेच्या नळीचे कोरीव बूच, पुढच्या चाकाच्या ब्रेक डिस्कवर येणारी जाळी, आणि मधोमध दोन-तीन पाकळ्या पसरून बसलेला स्पिनर, अशी ही यादी बरीच लांबते. यातील तुंब्याची कॅप मूळची अलंकार नव्हेच. बेअरिंगमधील वंगण बाहेर येऊ नये आणि धूळ आत जाऊ नये एवढ्यासाठी ती होती, आणि झळाळी तिला मागाहून मिळाली. स्पिनरची कुळकथाही अशीच आहे. शर्यतीच्या मोटारींचे चाक एकाच मोठ्या नटाने अडकवलेले असे, आणि तो हातोडीच्या ठोक्यांनी चटकन फिरवता यावा म्हणून त्यास कान काढलेले असत. पुढे साध्या गाड्यांच्या मालकांनाही ते कान हवेसे वाटू लागले आणि नटाचे काम न करणारे, केवळ नटासारखे दिसणारे स्पिनर विकले जाऊ लागले. या पाकळ्या चालत्या गाडीतून पादचाऱ्यास लागू नयेत म्हणून अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने १९६८ पासून प्रवासी मोटारींच्या चाकांवर असे बाहेर आलेले पंख वर्ज्य केले, आणि १९९६ मध्ये तो नियम मागे घेतला. ट्राइकला तेथील कायदा मोटारसायकलच समजतो, कारण त्या व्याख्येत तीन चाकांपर्यंतचे खोगीरवाले वाहन बसते. कायदा काही म्हणो, बाहेर डोकावणारी टोकदार पाकळी ज्याच्या पोटरीस लागली असेल त्यास ती कितपत शोभिवंत वाटली असेल, याविषयी मला शंका आहे.

चाकावर अलंकार बसवणे म्हणजे फिरत्या वस्तूवर दुसरी वस्तू बसवणे होय, ही गोष्ट विकणारा सांगत नाही आणि घेणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. साठ सेंटिमीटर व्यासाचे चाक ताशी १०० किलोमीटर वेगाने धावताना सेकंदास पंधराच्या जवळपास फेरे घेते. मध्यापासून वीस सेंटिमीटरवर बसवलेली ५० ग्रॅमची टिकली त्या वेळी साडेआठ किलोंहून अधिक जोराने बाहेर ओढली जात असते. हातात घेऊन हलकी वाटलेली, बोटाने दाबून घट्ट बसलेली टोपी महामार्गावर उडून मागच्या गाडीच्या काचेवर का जाते, याचा उलगडा एवढ्यावरून व्हावा. सबब नुसत्या चिकटपट्टीच्या भरवशावर चाकास काहीही लावू नये. ज्या वस्तूस स्वतःचा स्क्रू, रिंगच्या खोबणीत अडकणारी स्प्रिंग किंवा मागून आवळणारी पकड आहे तीच पसंत करावी, आणि तीही दोन्ही चाकांवर सारख्या वजनाची व आपापल्या जागी समतोल असावी.

याहून गंभीर चूक नटांच्या संबंधात होते. मूळ चाक ज्या नटांनी आवळलेले असते त्या नटांच्या खाली अलंकाराचा पत्रा घालून वरून नट कसण्याची युक्ती पुष्कळांना सुचते, कारण तसे केले की पत्रा हलत नाही. परंतु नटाची बैठक निमुळती, गोलाकार अथवा सपाट अशी चाकाच्या भोकाशी नेमकी जुळवलेली असते, आणि चाक जागेवर राहते ते नट स्टडला ताणून धरतो त्या ताणामुळे राहते. मध्ये पातळ, मऊ किंवा रंगवलेला पत्रा आला की तो काही दिवसांत दबतो, ताण उतरतो, आणि नट फिरलेला नसतानाही सैल होतो. अलंकाराने नटाच्या आधारावर उभे राहू नये आणि नटाचा आधार कमीही करू नये. या एका कसोटीवर बाजारातील निम्मा माल परस्पर बाद करता येतो.

प्रत्यक्ष बसवताना गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकास अटकाव लावावा, आणि जॅक कारखान्याने नेमून दिलेल्या जागीच घ्यावा. ट्राइकच्या पाठीवरचे रंगीत कवच फायबरचे असते आणि त्यास भार सोसत नाही. चाक उतरवले असेल तर तुंब्याचा माथा तारेच्या ब्रशने साफ करून गंजाचे पापुद्रे काढावेत, कारण त्यांवर चाक बसले की ते किंचित वाकडे बसते. नट प्रथम हाताने फिरवावेत आणि मग एकाआड एक, चांदणी काढल्यासारखे, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्ह्याने पुस्तिकेतील आकड्यापर्यंत कसावेत. एकाच बाजूने ओळीने कसत गेल्यास चाक तिरके आवळले जाते. त्यानंतर कॅप घ्यावी, तिची खाच हवेच्या नळीशी जुळवावी आणि तळहाताने चारही दिशांना आळीपाळीने दाबत बसवावी. रबरी हातोडी हाताशी असली तरी तिचा मोह टाळावा, कारण एका बाजूने ठोकलेली कॅप दुसऱ्या बाजूने उचलली जाते. ८० ते १६० किलोमीटर गाडी चालवून झाल्यावर कॅप काढून नट पुन्हा तपासावेत, आणि ज्या अलंकारामुळे हे तपासणे कटकटीचे होते तो न लावलेलाच बरा. चाकाच्या आऱ्यांमधील मोकळी जागा ब्रेकला वारा मिळावा म्हणूनही असते; सगळे चाक झाकणारी तबकडी डोंगराळ रस्त्यावर म्हणूनच फार सुखाची नसते.

आपल्याकडे हे वाहन विरळा असले तरी त्याचे भाऊबंद अपरिचित नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर मागे राहिलेल्या अमेरिकन मोटारसायकलींना मागे दोन चाके आणि बाके जोडून दिल्लीत ज्या फटफट्या निघाल्या, त्या चांदणी चौकाकडील उतारूंना १९९८ पर्यंत वाहत होत्या. कोल्हापुरात रिक्षासुंदरीच्या स्पर्धा भरतात, आणि तेथील रिक्षावाला आपल्या चाकांच्या कॅपांवर जे कष्ट घेतो ते पाहिले म्हणजे या हौसेस देशाची सीमा नाही हे पटते. मात्र दुचाकीस तिसरे चाक जोडणे ही आपल्या येथे निव्वळ हौसेची बाब नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या दस्तऐवजात जे लिहिले आहे त्याहून वेगळे रूप वाहनास देण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई पुन्हा ठामपणे सांगितली. दिव्यांग व्यक्तीसाठी करावयाच्या रूपांतरास तेवढी कायद्याने वाट ठेवली आहे. कोणी तसा बेत करीत असेल त्याने आधी परिवहन कार्यालयाच्या दफ्तरी चौकशी करावी, क्रोमची चर्चा मागाहून.

आता या झळाळीच्या निगेविषयी. क्रोम म्हणून जे चमकते ते बहुतांशी निकेल असते. लोखंडावर वा पितळेवर तांबे, त्यावर वीसएक मायक्रॉन निकेल, आणि सर्वांवर अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असा क्रोमियमचा मुलामा, अशी ही उतरंड असते. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून वरच्या थराच्या नाजूकपणाची कल्पना यावी. हा थर कठीण असला तरी अखंड नसतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी व मीठ खाली उतरतात, निकेल भेदतात, आणि शेवटी लोखंडाचा गंज टाचणीच्या डोक्याएवढ्या तपकिरी ठिपक्याच्या रूपाने वर येतो. म्हणजे गंजते ते खालचे लोखंड, वरचा क्रोम नव्हे. (या मुलाम्याच्या हौदात वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असून त्याची किंमत कारखान्यातील कामगार मोजतो, हेही खरेदीदारास ठाऊक असावे.) असा ठिपका दिसला तर स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमच्या फॉइलचा चुरगळलेला बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने त्यावर फिरवावा, ॲल्युमिनियम क्रोमहून पुष्कळ मऊ असल्याने मुलाम्यास ओरखडा जात नाही आणि तपकिरी राप काही मिनिटांत करड्या चिखलासारखा सुटून येतो. तो पुसून जागा पूर्ण कोरडी करावी व मेणाचा हात द्यावा.

परंतु चमकते ते सर्व क्रोम नसते, आणि साफसफाईतील बहुतेक नुकसान या एका अज्ञानाने होते. काही चाके घासून उजळलेल्या उघड्या ॲल्युमिनियमची, काही पारदर्शक लाखेचा थर दिलेली, तर स्वस्त कॅपा चक्क प्लास्टिकवर मुलामा दिलेल्या असतात. ओळखण्याची रीत सोपी आहे: चाकाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याने किंचित धातूचे पॉलिश घासावे, फडके काळे झाले तर धातू उघडा आहे, काळे झाले नाही तर वर क्रोम किंवा लाख आहे, आणि लाखेवर पॉलिश चोळणे म्हणजे ती लाख झिजवणे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच लावणारा आपला हात येथे आवरावा. ॲल्युमिनियमवर आम्लाचे पांढुरके डाग पडतात, आणि बाजारातील तीव्र आम्लयुक्त क्लीनर तर क्रोमच्या छिद्रांतून उतरून थेट खालच्या थरांस खातात.

धुण्यास चाके पूर्ण गार झाल्यावर आणि सावलीत बसावे. तापलेल्या धातूवर साबण वाळतो आणि डाग धरतो. चाकांची बादली व फडकी अंगाच्या रंगासाठी कदापि वापरू नयेत, कारण ब्रेकच्या पॅडमधून आणि डिस्कमधून झडलेली लोखंडी भुकटी त्यांत राहते व तीच पुढे रंगावर जाळीदार ओरखडे उठवते. ही भुकटी ऊन पाण्याने व सौम्य साबणाने न निघाल्यास लोखंड विरघळवणारे द्रव मिळते; ते फवारताच चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही, रसायन आपले काम करीत असते. पाण्याचा जोराचा फवारा तुंब्याच्या मध्यावर धरू नये. टायर काळाभोर दिसावा म्हणून लावायचे तेल बाजूच्या भिंतीपुरतेच ठेवावे, आणि मेण असो की तेल, ब्रेकच्या डिस्कवर त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. धुऊन झाल्यावर आवारातच दोन फेऱ्या मारून हलका ब्रेक दाबला म्हणजे डिस्क सुकते आणि कॅपमागे साठलेले पाणीही निथळते.

मिलवॉकी किंवा मिनेसोटाकडील हौशी माणूस हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडू लागण्यापूर्वीच गाडी धुऊन, कॅपा काढून, त्यांची पाठ पुसून आणि मेण लावून वसंतापर्यंत कपड्यात गुंडाळून ठेवतो. कोकणच्या अथवा गोव्याच्या किनाऱ्यावर खारा वारा बारा महिने असतो, तेव्हा तेथे ज्याच्या कोणत्याही वाहनास क्रोम असेल त्याने हीच शिस्त महिन्यातून एकदा पाळावी. कॅप उतरली की नटांच्या मुळाशी तांबूस ओघळ आहे का हे पाहावे, कारण तो पुष्कळदा सैल नटाचा पहिला पुरावा असतो. नटाच्या डोक्यास मेण चालेल. आट्यांना मात्र, पुस्तिकेत तसे स्पष्ट सांगितले नसेल तर, तेलाचा थेंबही लावू नये, कारण कसण्याचा आकडा सामान्यतः कोरड्या आट्यांसाठी ठरवलेला असतो आणि तेलकट आट्यांवर तोच आकडा गाठला की स्टड नको तितका ताणला जातो.